घराचे दार : बूढापाऱ्यातील एका चौकटीचा इतिहास

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसांचा इतिहास लिहावयास घेतला की लेखणी आपोआप घोड्यावर बसते. स्वाऱ्या, सुभेदाऱ्या, सनदा आणि चौथाईचे हिशेब यांनी पाने भरतात. परंतु ती घोडी जेथे थांबली तेथे पुढे घरे उभी राहिली, त्या घरांना दारे बसली, आणि त्या दारांतून चार-पाच पिढ्या आत-बाहेर करत्या झाल्या; याविषयी आमच्या दप्तरांत फारसे काही सापडत नाही. गेल्या वर्षी रायपूरच्या बूढापाऱ्यातील आमच्या वडिलोपार्जित घराची दुरुस्ती काढली, आणि पुढचे दार बदलावे की काय, बदलावयाचे तर कशाचे करावे, हा प्रश्न घरात उभा राहिला. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि डोळ्यांनी पाहिले ते येथे मांडीत आहोत. या स्मरणिकेचे वाचक बहुतेक आमच्यासारखेच, कोणत्या ना कोणत्या परमुलखात दार लावून राहिलेले. त्यांना हा विषय अगदीच क्षुल्लक वाटणार नाही अशी आशा आहे.

बूढापारा हे नाव बूढा तलावावरून पडले, आणि तलावाचे नाव गोंडांच्या बूढादेवावरून, असे येथील लोक सांगतात. ‘पारा’ म्हणजे वस्ती. आपल्या ‘पाड्या’चाच हा भाऊ. रायपुरात असे पारे पुष्कळ आहेत: तात्यापारा, ब्राह्मणपारा, बैजनाथपारा. तलावाचे अधिकृत नाव आता विवेकानंद सरोवर असे आहे, आणि त्यालाही कारण आहे. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त आपल्या कुटुंबासह वडिलांकडे रायपूरला आला. तेव्हा येथे आगगाडी नव्हती. नागपूरपासून पुढचा जवळजवळ तीनशे किलोमीटरचा प्रवास बैलगाडीने, रानावनातून करावा लागला. त्या कुटुंबाचे वास्तव्य बूढापाऱ्यात होते, आणि ‘डे भवन’ ही वास्तू त्या स्मृतीशी जोडलेली आहे. मध्यप्रदेशचे पहिले मुख्यमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांचे घरही याच वस्तीत. १९३३ च्या नोव्हेंबरात हरिजन दौऱ्यावर आलेल्या महात्मा गांधींचा मुक्काम त्याच घरी होता. बंगाली, कान्यकुब्ज आणि मराठी अशी दारे एकमेकांसमोर उघडत असलेली ही गल्ली. सकाळी एका घरातून शंखाचा आवाज येई, दुसऱ्यातून रामचरितमानसाचा, तिसऱ्यातून मनाच्या श्लोकांचा.

मराठी माणूस येथे आला तो तीन लाटांनी. पहिली अर्थातच भोसल्यांची. १७४१ मध्ये सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या वाटेवर रतनपुरावर चालून गेले आणि हैहयवंशी राजांची जुनी सत्ता मोडली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. त्यांच्यामागे सुभेदार आले, आणि त्यांपैकी विठ्ठल दिनकर यांनी मुलखाची परगण्यांत घडी बसविली. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांच्या अमलात राजधानी रतनपूरहून रायपूरला आली. १८३० ते १८५४ पुन्हा भोसल्यांचे जिल्हेदार बसले. आणि तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर सारेच खालसा झाले. या शंभरएक वर्षांत जे कारकून, पुराणिक आणि शिपाई येथे राहिले, त्यांच्या घरांचा मागमूस आता नावांतच उरला आहे. दुसरी लाट १८६१ साली मध्यप्रांत झाल्यावरची. नागपुरात शिकलेले वकील, मास्तर आणि कचेरीतले कारकून येऊ लागले. पंडित माधवराव सप्रे, वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोळकर यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ते याच पिढीचे. सप्रे यांनी दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले. त्यांच्या नावाची शाळा आजही बूढापाऱ्यात आहे, आणि लाखे यांच्या नावाचे नगर शहरात आहे. तिसरी लाट रेल्वेची आणि भिलाईची. आमचे पणजोबा दुसऱ्या लाटेतले. नागपूरहून कचेरीच्या नोकरीत आले, पाच वर्षे भाड्याने राहिले आणि मग घर बांधले.

घर बांधताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणते दार असेल? नागपूरच्या महालातले असावे, असे आम्हांस वाटते. मराठी घराच्या दाराचा थोरला नमुना म्हणजे वाड्याचा दरवाजा. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. खर्च १६,११० रुपये. त्याला पाच दरवाजे. त्यांतला उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा अंबारीसह हत्ती जाईल एवढा उंच, आणि त्याच्या फळ्यांवर हत्तीनेच धडक देऊ नये म्हणून लोखंडी अणकुच्या ठोकलेल्या. उत्तरेला तोंड करून एवढा दरवाजा ठेवणे म्हणजे दिल्लीला आव्हान, म्हणून छत्रपती शाहूमहाराजांची त्याला नाखुषी होती अशी आख्यायिका आहे. त्या अजस्र फळीतच माणसापुरते एक लहान दार असते, तो दिंडी दरवाजा. मोठे दार सणासमारंभाला किंवा स्वारीला उघडावयाचे. रोजचा व्यवहार दिंडीतून. दिंडी मुद्दाम ठेंगणी, म्हणजे आत येणाऱ्याचे डोके आधी आत येते आणि हात नंतर. त्याला तुम्ही नम्रता म्हणा की पहारेकऱ्याची सोय म्हणा. आत देवडी, देवडीत पहारा, मग चौक. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत शनिवारवाड्याचे सारे लाकडी वैभव जळून गेले. तट आणि दिल्ली दरवाजा मात्र राहिला. नागपूरच्या भोसल्यांच्या वाड्याचेही तेच झाले. १८६४ साली तो जळाला, आणि नगारखान्याचा दरवाजा उरला. पणजोबांनी आपल्या बालपणी पाहिला तो हा वाड्यावाचूनचा दरवाजा.

दारांच्या इतिहासात खोटेपणाही पुष्कळ झाला आहे, हे येथेच सांगून टाकतो. १८४२ साली गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरो याने गझनीहून दोन मोठी दारे आणवली आणि ती सोमनाथाची, महमुदाने नेलेली चंदनी दारे आहेत असा जाहीरनामा काढला. ती गाजत-वाजत आणली गेली. तपासाअंती लाकूड देवदाराचे निघाले. चंदनाचा वासही नाही. ती दारे सोमनाथास गेलीच नाहीत, आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिली, आणि आजही तेथेच आहेत. हे आठवण्याचे कारण असे की जुन्या वस्तूंच्या एका दुकानात आम्हांला ‘अस्सल पेशवेकालीन’ म्हणून एक दार दाखविण्यात आले. त्याला यंत्रावर घडवलेले आटे-स्क्रू होते. ते कसले ते विचारल्यावर दुकानदाराने तत्काळ दार भोसलेकालीन केले.

आमचे दार पेशवाई नव्हे. गणेशपट्टीवर शके १८३४ असा आकडा कोरलेला आहे, म्हणजे इसवी सनाचे १९१२. दोन फळ्यांचे, एकूण साडेतीन फूट रुंद आणि पावणेसहा फूट उंच. उंच माणसाला आजही वाकावे लागते. प्रत्येक फळीवर आडव्या पट्ट्या आणि पट्टीवर घुमटीचे खिळे. दिल्ली दरवाज्याच्या अणकुच्यांची ही घरगुती आठवण, कारण बूढापाऱ्यात हत्ती कोण आणतो! बिजागऱ्या नाहीत. फळीच्या कडेचाच खुंटा वर आणि खाली खोबणीत फिरतो, त्यामुळे दार उघडताना जो आवाज होतो तो घरातली सर्व माणसे झोपेतही ओळखतात. आतून साखळी, कोयंडा आणि भिंतीतून सरकणारा अडसर.

लाकूड कोणते, हा खरा प्रश्न होता. छत्तीसगडात दोन राने एकमेकांस भेटतात: पश्चिमेकडून आलेला साग आणि पूर्वेकडून आलेला साल, ज्याला येथे सराई म्हणतात. साल सागापेक्षा फार जड. घनमीटरला साग साडेसहाशे किलोच्या आसपास, तर साल साडेआठशेच्या पुढे. वाळवीला साल सहसा दाद देत नाही, परंतु वाळताना तो चिरतो आणि पिळवटतो. म्हणून त्याची चौकट करावी, फळी करू नये, असा जुन्या सुतारांचा शिरस्ता. साग हलका, तेलकट आणि शांत. पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आक्रसला तरी फार नाही. मेमध्ये पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आणि जुलैत भिंतींना पाझर फुटणाऱ्या या गावात लाकडाचा हा स्वभाव पाहावाच लागतो. तिसरे लाकूड बीजा, आपल्याकडचा बिबळा. येथील सुतार त्याला फार मानतात. आमच्या दाराच्या फळ्या सागाच्या निघाल्या, चौकट बीजाची, आणि उंबरठा सालाचा. तीन लाकडांचा हा हिशेब नागपूरच्या सुताराला सुचला नसता. पणजोबांनी नकाशा महालातून आणला असेल. अक्कल येथल्या माणसाची होती. त्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही. गणेशपट्टीवर शक कोरला, मालकाच्या नावाची आद्याक्षरे कोरली, आणि कोरणारा तेवढा राहिला.

आता उंबरठ्याविषयी. संस्कृतात ‘उदुम्बर’ या शब्दाचा एक अर्थ उंबराचे झाड आणि दुसरा घराचा उंबरठा असा आहे. मराठी ‘उंबरा’ तेथूनच आला. हिरण्यकशिपूला नृसिंहाने घरातही नव्हे आणि बाहेरही नव्हे अशा जागी मारले ती जागा ही. म्हणून उंबऱ्यावर बसू नये, शिंकू नये, पैसे देऊ-घेऊ नयेत. मराठी मनात सर्वांत मोठा उंबरा पंढरपूरचा. महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे, आणि तिच्यासमोर बाहेरच चोखोबांची समाधी. त्या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते मिटविण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. दार हे आत घेण्यासाठी असते तसे बाहेर ठेवण्यासाठीही असते, आणि आमच्याही दाराने काही माणसे बाहेर उभी केली. गांधीजी हाकेच्या अंतरावर उतरले होते, त्यांच्या दर्शनाला घरातून माणसे गेली होती असे सांगतात. पण त्या साली आमच्या ओट्याचा रिवाज काही बदलला नाही. धान्य ओंजळीत वरून पडे.

उंबऱ्याने दुसरे कोणी अडवले असेल तर घरातील बायकांना. १९८२ साली जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ रायपुरात आला तेव्हा आमच्या काकूंनी तो पाहिला आणि घरी येऊन त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या या घरात १९५८ च्या वैशाखात माप ओलांडून आल्या. त्यांची उजव्या पायाच्या अंगठ्याची ठोकर थोडी जोरात लागली आणि तांदूळ पार चौकापर्यंत गेले, ही हकीकत घरात अजून सांगितली जाते. आज त्या पंच्याऐंशीच्या पुढे आहेत आणि चाकाच्या खुर्चीवर आहेत. सात इंच उंचीचा सालाचा उंबरठा ती खुर्ची ओलांडत नाही. दोन माणसांनी खुर्ची उचलावी तेव्हा काकू बाहेर पडतात, आणि घरात दोन माणसे आता क्वचितच असतात. दार बदलण्याचा विषय निघाला तो वाळवीमुळे असे आम्ही सर्वांना सांगितले. काकूंना मात्र खरे कारण ठाऊक होते.

वाळवीही होतीच. सुतार आले, त्यांनी पटाशीच्या टोकाने चौकटीचे पाय टोचून पाहिले, आणि खालचा दोन वीत भाग भुशासारखा गळाला. बीजा एवढा सहज खचत नाही. कारण रस्त्याचे निघाले. दर काही वर्षांनी जुन्यावर नवा थर चढत रस्ता वर येत गेला आणि ओट्याच्या तीन पायऱ्यांपैकी एकच उरली. पावसाचे पाणी आता उंबऱ्याला टेकते आणि चौकटीचे पाय चार महिने ओले राहतात. म्हणजे तोच उंबरा काकूंना आत ठेवीत होता आणि पाण्याला बाहेर. चौकट संपूर्ण काढावी, नवी बसवावी, असा सल्ला आम्ही ज्यांना ज्यांना विचारला त्या सर्वांनी दिला. सुतारांनीही प्रथम तोच दिला. मग त्यांनी चौकटीच्या डाव्या खांबावरचा जुना रंग खरवडला आणि हात थांबवला. “एमा आरी नइ चलय, दाई,” ते काकूंना म्हणाले, “खीला भरे हे.”

हे खिळे हरेलीचे. बाहेरच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगावे लागेल. हरेली हा छत्तीसगडी शेतकऱ्याचा वर्षातला पहिला सण. नांगर, कुदळ, फावडी धुऊन त्यांची पूजा होते, मुले बांबूच्या गेड्यांवर चढून गल्लीतून फिरतात. त्या दिवशी सकाळी राऊत येऊन घराच्या दारावर कडुलिंबाची डहाळी खोचतो, आणि लोहार चौकटीत एक खिळा ठोकतो. पावसाळ्यात शिरणारी रोगराई आणि इडापिडा घराबाहेर राहावी, हा हेतू. मोबदल्यात तांदूळ, डाळ, मीठ असा सीधा मिळतो. पंचांगाने हा दिवस श्रावणातली अमावास्या. पण उत्तरेचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, म्हणून त्यांची श्रावणातली अमावास्या ती आपली आषाढातली. दिव्यांची अमावास्या! आमच्या घरात त्या दिवशी समया, निरांजने, लामणदिवे, कंदील असे सारे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जात, त्यांच्याभोवती रांगोळी काढली जाई, कणकेचे गोड दिवे उकडले जात. आत दिव्यांची पूजा चाललेली असताना बाहेर चौकटीवर हातोड्याचे ठोके पडत. लहानपणी आम्हांस तो एकाच पूजेचा भाग वाटे. महाराष्ट्रात प्रथम गेल्यावर तेथे या दिवशी दाराला खिळा ठोकीत नाहीत हे पाहून धाकट्या आत्याने सासूला विचारले होते म्हणे, की तुमच्याकडे लोहार उशिरा येतो का?

पणजोबांनी ही प्रथा लगेच स्वीकारली असेल असे वाटत नाही. खिळ्यांची रांग चौकटीवर खांद्याच्या उंचीवर सुरू होते आणि वर चढत जाते. सर्वांत खालचे खिळे हाताने घडवलेले, चौकोनी डोक्याचे आहेत, वरचे तारेचे, गोल. सत्तेचाळीस मोजता आले. काही गंजून नुसते काळे डाग झाले आहेत, आणि काही वर्षे खिळा पडलाच नसेल. आधीच्या पिढ्यांत लोहार ओट्याखाली उभा राहून सीधा घेई. काकूंच्या कारकीर्दीत तो ओसरीवर बसून चहा पिऊ लागला. हा बदल कोणी ठरवून केला नाही, असे त्या म्हणतात, पण पहिला कप कोणी ठेवला हेही सांगत नाहीत. आता त्या घरचा नातू वेल्डिंगचे दुकान चालवतो, मोटारसायकलीवरून येतो, खिळा ठोकतो आणि काकूंच्या पाया पडून जातो. छत्तीसगडी भाषेत दाराला ‘मुहाटी’ म्हणतात. आमच्या घरात मराठी बोलतानाही कोणी ‘मुहाटीत उभा राहू नको’ असे सहज म्हणून जाते. पौषी पौर्णिमेला छेरछेऱ्याची मुले धान मागत येतात ती याच मुहाटीशी. सुगीनंतर चिमण्यांसाठी धानाची झालर टांगली जाते ती याच चौकटीला. आणि दसऱ्याचे झेंडूचे तोरण तिच्याच शेजारच्या खिळ्याला.

सुतारांचे म्हणणे व्यवहाराचे होते. खिळे भरलेल्या लाकडावर आरी घातली तर पाते जाते. म्हणून जुनी चौकट विकत घेणाराही कोणी मिळणार नाही, ती सरपणालाच जाईल. मग नव्या लाकडाचा शोध सुरू झाला, आणि त्या शोधात आमच्या प्रांताचा आर्थिक इतिहासच भेटला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर नागपूरशी आणि पुढे कलकत्त्याशी जोडले. १९०० साली धमतरीची छोटी लाईन निघाली. रुळांखाली घालावयाच्या स्लिपरांसाठी सालाची राने तुटली. तो छोट्या लाईनीचा शहरातला मार्ग आता उखडला गेला आहे आणि त्यावरून रुंद सडक जाते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा खेडोपाडीचे वाडे मोडून त्यांचे सागवान शहरात विकावयास आले. त्यानंतरचा लाकडाचा व्यापार बव्हंशी कच्छी पटेल मंडळींच्या हाती गेला. फाफाडीहच्या टालांवर त्यांचे मुनीम आजही नुसत्या नखाने ओरखडून गाभ्याचे लाकूड कोणते आणि कडेचे पांढरे कोणते ते सांगतात. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक बंधने आली, आणि देशी साग दुर्मिळ होऊ लागला. ब्रह्मदेशाचा साग येई, तर त्या देशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली. आता टालावर आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला साग मिळतो. तरीही व्यापारी ‘सी. पी. साग’ हे नाव आदराने घेतात. सी. पी. म्हणजे आपला जुना मध्यप्रांत. प्रांत १९५० मध्येच नावापुरता संपला, लाकडात उरला. २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून आलापल्लीच्या जंगलातले सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मिरवणुकीने निघाले ते याच जातीचे. त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसदभवनातले सागवानही नागपूरचे. विदर्भाने देशाला पंतप्रधान दिलेला नाही. दारे मात्र दिली.

घरात मतांची कमतरता नव्हती. थोरल्या बंधूंनी पुण्याहून पोलादी दार सुचविले, भिलाईची भट्टी १९५९ पासून धगधगत असताना लाकूड कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. परदेशातल्या पुतण्याने अंगठ्याच्या ठशाने उघडणारे कुलूप आणि पाहुण्याचे चित्र फोनवर दाखवणारी घंटा पाठविण्याची तयारी दाखवली. कोणी भारतीय मानकाच्या क्रमांकासह फ्लश दाराची शिफारस केली, कोणी वाळवी न लागणाऱ्या डब्ल्यूपीसीच्या चौकटीची. हे सर्व सल्ले अयोग्य नव्हते. डब्ल्यूपीसीची चौकट पाण्यात राहिली तरी तिला काही होत नाही, आणि रायपूरच्या नव्या वसाहतींत आम्हीही तीच घेतली असती. एका वास्तुतज्ज्ञांनी दार दक्षिणेकडे आहे, ते पूर्वेला हलवा, असे सांगितले. पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत आहे. आजकालच्या चौकटींना खालचे लाकूड नसते, तीनच बाजू असतात, तरी त्यांना चौकट म्हणतात, हे आम्ही एका विक्रेत्याच्या लक्षात आणून दिले. तो म्हणाला, चौथी बाजू फरशीची धरा.

दूर गेलेल्या माणसांना एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. जो घरी येत नाही त्याला दार जसेच्या तसे राहावे असे फार वाटते. फोनवर ज्यांनी उंबऱ्याला हात लावू नका असे निक्षून सांगितले, त्यांपैकी कोणी तो गेल्या तीन वर्षांत ओलांडलेला नव्हता. काकूंनी हे सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, “अरे, मी हे माप ओलांडून आत आले. आता मला दर चतुर्थीला बाहेर जायचंय. त्याचं काय ते बघा.”

शेवटी झाले ते असे. चौकटीचे वरचे सर्व लाकूड, गणेशपट्टी आणि खिळ्यांचा खांब, जेथल्या तेथे ठेवले. कुजलेले पाय दोन वीत कापून तेथे नवा बीजा तिरक्या सांध्याने जोडला, आणि पाय जमिनीत न पुरता दगडी तळ्यांवर उभे केले, म्हणजे पाणी पुन्हा चढू नये. उंबरठा काढला, त्याच्या जागी अर्ध्या इंचाची सागाची पट्टी आली. पाण्यासाठी दाराबाहेर ओट्याच्या रुंदीएवढा चर खणून त्यावर लोखंडी जाळी घातली. ती लोहाराच्या नातवाने घडवली आणि मजुरी घेतली, सीधा नव्हे. उंबरा गेल्यामुळे फळ्या खाली साडेसहा इंच अपुऱ्या पडल्या, म्हणून त्यांना नव्या सागाची आडवी पट्टी जोडली. जुने लाकूड तपकिरी, नवे पिवळट. रंग देऊन एकसारखे करू का, असे सुतारांनी विचारले, आम्ही नको म्हटले. ओट्यापासून रस्त्यापर्यंत उतार केला. तो एकास बारा या प्रमाणात असावा लागतो: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. एवढी जागा गल्लीत नव्हती, म्हणून तो ओट्याच्या कडेने वळवून घेतला. ज्यांच्या घरी वडीलधारे खुर्चीवर आहेत त्यांनी हे माप टिपून ठेवावे. उतार घाईने उभा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याचाच जीव जातो.

खुंट्या-खोबणीचा आवाज राहिला आहे, थोडा जाड झाला आहे. नव्या पायांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीनदा तेल द्यावयाचे आहे, मग कळेल. काढलेला सालाचा उंबरठा दोघा माणसांनाही उचलवेना. तो परसात विहिरीपाशी लोटून ठेवला आहे. त्यावर आता धुण्याची बादली असते आणि दुपारी काकूंचे लोणच्याचे फोडी वाळवावयाचे ताट.